मांजराचे पिल्लू आणि दूधभाताचा समज

मांजर आणि दूध यांची सांगड मराठी घरात इतकी पक्की बसली आहे की, पिल्लू दारी येताच पहिली धावाधाव होते ती वाटीभर दुधासाठी. मग दुधात पोळी कुस्करली जाते, पुढे दूधभात येतो, आणि पिल्लू तो चाटूनपुसून खाते म्हणून घरचे निर्धास्त होतात. भुकेलेले पिल्लू पुढ्यात येईल ते खाते. तेवढ्यावरून त्याचे पोषण झाले असे मानता येत नाही. मायेने वाढलेल्या या अन्नावर ते पोट भरूनही उपाशी राहते, हे स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली आहे.

जुन्या वाड्यांतील मांजरे दूधभातावरच वाढली, असा दाखला यावर हमखास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. वाड्यात माळा होता, धान्याची कोठी होती, मागे गोठा आणि परसू होते, आणि या सर्व ठिकाणी उंदीर होते. मांजराचे खरे जेवण तेथे होई. उंदराबरोबर मांस, यकृत आणि कोवळी हाडे असे सर्व काही त्याच्या पोटात जाई. बशीतला दूधभात हा केवळ वरचा खाऊ होता. आज चौथ्या मजल्यावरच्या बंद सदनिकेत वाढणाऱ्या पिल्लाला उंदीर दिसतही नाही. त्याच्या वाट्याला उरते ती फक्त बशी, आणि म्हणूनच त्या बशीत काय पडते याला पूर्वी नव्हते इतके महत्त्व आले आहे.

कुत्रा माणसाच्या संगतीत बऱ्याच अंशी मिश्राहारी झाला, मांजर मात्र झाले नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य बहुतेक प्राणी आपल्या शरीरात पुरेसे तयार करतात. मांजराला ते जमत नाही, आणि वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसतेच. 1975 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, केसीनवर, म्हणजे दुधातल्याच प्रथिनावर, पोसलेल्या मांजरांच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो आणि त्याचे कारण टॉरिनचा अभाव हे आहे. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनविणेही मांजराला साधत नाही. ते त्याला प्राणिज अन्नातूनच मिळावे लागते. गोडाची चव त्याला कळत नाही, हेही 2005 साली जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. बासुंदीच्या पातेल्यात तोंड घालणारे मांजर बहुधा साखरेसाठी नव्हे, तर सायीसाठी येत असावे.

गाईच्या दुधाचा प्रश्न आणखी निराळा आहे. मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतात. शिवाय अंगावरचे दूध तुटत जाते तशी दुग्धशर्करा पचविण्याची पिल्लाची शक्तीही कमी होत जाते. परिणामी जुलाब लागतात, आणि पाचसातशे ग्रॅम वजनाच्या जिवाला जुलाब हे सहज प्राणावर बेतू शकतात. चार आठवड्यांहून लहान, आईवेगळे पिल्लू सापडल्यास मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी आणावी. पिल्लू गार पडले असेल तर आधी त्याला ऊब द्यावी आणि मगच, पालथे ठेवून, पाजावे.

चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न सुरू करता येते आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास दूध सुटते. या वयात पिल्लाला वजनाच्या मानाने प्रौढ मांजराच्या दुप्पट-तिप्पट उष्मांक लागतात. पोट मात्र इवलेसे असते. म्हणून दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. विकतचे अन्न घेताना वेष्टनावरील चित्राऐवजी मजकूर पाहावा: ते परिपूर्ण आहार आहे असे, आणि वाढत्या पिल्लांसाठी आहे असे, दोन्ही लिहिलेले असावे. कुत्र्याचे अन्न स्वस्त पडते म्हणून मांजराला घालणे चुकीचे आहे.

घरीच शिजवायचे तर नुसता खिमा पुरत नाही. त्यात कॅल्शियम फार कमी असते. केवळ त्यावर वाढलेल्या पिल्लाची हाडे इतकी ठिसूळ होतात की, खुर्चीवरून उडी मारतानाही मोडू शकतात. कॅल्शियमची भर किती घालावी हे पशुवैद्याला विचारूनच ठरवावे. कोंबडी उकडल्यावर टॉरिन बरेचसे पाण्यात उतरते, तेव्हा ते पाणी फेकू नये. कांदा, लसूण वर्ज्य. त्यांनी मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. शिजलेली हाडे आणि खारवलेले बोंबीलही नकोत.

विकतच्या अन्नाविषयीचा अविश्वास अगदी निराधार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 1987 साली दाखवून दिले की, मांजरांच्या हृदयविकाराचे मूळ टॉरिनच्या कमतरतेत होते, आणि त्यांतील अनेक मांजरे तयार अन्नच खात होती. त्यानंतर उत्पादकांनी टॉरिनचे प्रमाण वाढविले. ही चूक शोधता आली आणि सुधारता आली. दूधभाताची कोणी तपासणीच करीत नाही. खर्चाचा आक्षेप मात्र तपासून पाहावा. किलोभर वजनाच्या पिल्लाला कोरडे अन्न दिवसाला सुमारे 50 ग्रॅम, म्हणजे महिन्याला दीड किलो लागते. कारकुनाच्या घरालाही हा भार पेलणारा आहे, पण तो पिल्लू आणण्यापूर्वीच हिशेबात धरला पाहिजे.

सर्वांत अवघड प्रश्न शाकाहारी घराचा आहे, कारण तेथे आडवी येते ती कंजुषी नसून श्रद्धा. श्रद्धेचा मान राखलाच पाहिजे. तथापि तिची किंमत त्या मुक्या जिवाने आपल्या डोळ्यांनी आणि हृदयाने का चुकवावी? अंड्याची तडजोड काही घरे करतात. त्यातून प्रथिने मिळतात, टॉरिन जवळजवळ नाही. 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा मालकाकडून ‘पुरेशा’ अन्नाची अपेक्षा करतो. योग्यायोग्यतेचा विचार त्याने मालकावरच सोडला आहे. तयार अन्नाच्या पाकिटात मांस असते हे जाणूनही ते घरात ठेवण्याची तयारी असेल तर पिल्लू जरूर पाळावे. तीही नसेल तर त्याला मासळी-मटण शिजणाऱ्या एखाद्या ओळखीच्या घरी द्यावे. आठ-दहा आठवड्यांचे पिल्लू नव्या घरी सहसा लवकरच रुळते.