मिरगाचा किडा आणि जत्रेतला लेसर

मिरगाचा पहिला पाऊस पडून माती भिजली, की नांदेड-लातूरच्या काळ्या रानात लाल मखमली ठिपके चालू लागतात. मिरगाचे किडे. पिढ्यानपिढ्या पोरं ते तळहातावर घेत आली, काडेपेटीत ठेवत आली. पण त्याला पाय किती, असं विचारलं तर मोठी माणसंही अडखळतात. पूर्ण वाढलेल्या किड्याला आठ पाय असतात. म्हणजे तो कीटक नव्हेच. कोळी, विंचू, गोचीड यांच्या भावकीतला. हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. मोबाइल आणि नखाएवढं भिंग पुरतं.

असं भिंग जत्रेत मिळणाऱ्या खेळण्यातल्या लेसरच्या तोंडाशी असतं. आधी सेल काढायचे, मग भिंग सोडवायचं, केसांच्या पिनेत धरायचं आणि चिकटपट्टीनं मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बसवायचं. आता साधारण सेंटिमीटरभर अंतरावरचंच स्पष्ट दिसतं. त्यामुळे पडद्यावर बोट टेकवत बसण्यात अर्थ नाही. फोनच केसभर पुढे-मागे सरकवावा लागतो. कुणाकडे जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याची 50 मिलिमीटरची लेन्स असेल, तर ती डिजिटल कॅमेऱ्यापुढे उलटी बसवता येते. मोठं दृश्य लहानशा फिल्मवर उतरवणारी ही लेन्स उलटी झाली, की बारीक वस्तू मोठी करून दाखवते. सतराव्या शतकात डेल्फ्टमधल्या लेव्हेनहुक या कापड व्यापाऱ्यानं स्वतः बनवलेल्या एकेका भिंगातून सूक्ष्मजीव पाहिले होते. हजारो रुपयांच्या मॅक्रो लेन्ससाठी खोळंबून राहायचं कारण नाही.

खरी कसोटी स्पष्टतेची आणि उजेडाची. इतक्या जवळून मुंगीचं डोकं स्पष्ट आलं, की पोट धूसर होतं. थेट फ्लॅश मारला, तर भुंग्याच्या पाठीवर नुसता पांढरा डाग उमटतो. फ्लॅशपुढे पांढरा पतंगी कागद धरला की तोच उजेड मऊ होतो.

किडा हलू नये म्हणून त्याला थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायची युक्ती काही जण सांगतात. ती वापरू नये. एका फोटोसाठी जिवाला असं गारठवणं बरं नव्हे, आणि त्याची गरजही नाही. पहाटेच्या गारव्यात कीटक आपसूकच सुस्त असतात. हात बसवायचा तर पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली सकाळी मरून पडलेली पाखरं आहेतच.

मराठवाड्यात या छंदाला रिकामपणाचा उद्योग म्हणणं चूक आहे. 2018 मध्ये अमेरिका खंडातली लष्करी अळी भारतात पहिल्यांदा शेजारच्या कर्नाटकात आढळली आणि लवकरच महाराष्ट्रातल्या मक्यावर आली. तिची ओळख दोन खुणांनी पटते: डोक्यावर उलट्या ‘वाय’ची रेघ आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. अळी लहान असताना या खुणा नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत. सोयाबीनवरचा चक्रीभुंगा देठावर, फांदीवर किंवा खोडावर दोन खाचा पाडून अंडी घालतो. वरचा भाग सुकल्यावरच शेताकडे लक्ष जातं. उलट काटेरी, सुसरीसारखी दिसणारी एक अळी पाहून शेतकरी धसकतो. ती असते ढालकिड्याची, मावा फस्त करणारी. तिच्यावर विष फवारणं म्हणजे आपल्याच राखणदाराला मारणं.

‘पिकावर काहीतरी पडलंय’ एवढंच फोनवर ऐकून परभणीच्या कृषी विद्यापीठातला कीटकशास्त्रज्ञ तरी काय सांगणार? स्पष्ट फोटो हातात आला, तर पुढचं बोलणं नेमकं होतं. म्हणूनच जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये जून-जुलैत विज्ञानाचे दोन-चार तास शाळेच्या आवारात, असं भिंग लावलेला एक फोन घेऊन व्हायला हवेत. खर्च फार तर एका खेळण्याचा. आणि ज्यांच्या घरी सोयाबीन आहे, त्यांनी येत्या हंगामात पंप पाठीवर घेण्याआधी पोरांना सोबत न्यावं आणि पानांची खालची बाजू एकदा त्या भिंगातून बघावी.