ळ कुठे बसतो?

संहिता स्वयंपूर्ण मानावी की संदर्भासह वाचावी, हा वाद साहित्याच्या वर्गांत आपण सारेच घालत आलो आहोत. संगणकावरही तोच वाद वेगळ्या रूपात उभा राहतो, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याच्या गावांची यादी अकारविल्हे लावणारा एक लहानसा प्रोग्राम घ्या. यादीत धावडा आहे, जवखेडा आहे, जळगाव सपकाळही आहे. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो; म्हणून जवखेडा आधी, जळगाव नंतर. युनिकोडच्या तक्त्यात मात्र 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे, 'व'च्या आधी आहे. त्या क्रमाने जळगाव आधी येते. कोणता क्रम घ्यायचा, हे बहुधा प्रोग्रामच्या मजकुरात लिहिलेले नसते. ते 'लँग', 'एलसी-ऑल' अशा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांतून कळते. प्रोग्राम सुरू होताना त्याच्या हाती दिलेल्या या जणू चिठ्ठ्याच. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीपासून ही प्रथा चालत आली आहे.

परका कोड सँडबॉक्समध्ये, म्हणजे बंदिस्त खोलीत, चालवताना या चिठ्ठ्या काढून घेतात. ते योग्यच आहे. त्यांत कधी पासवर्ड असतात, आणि एका प्रोग्रामने दुसरा सुरू केला की त्या आपोआप त्याच्याकडे जातात. परंतु त्यांबरोबर भाषेची चिठ्ठीही जाते. मग उरते ते 'सी' नावाचे मूळ वळण; त्याला मराठी वर्णक्रम ठाऊक नाही. यादी विनातक्रार लागते. धावड्याचा विद्यार्थी आपले गाव शोधतो, ते जागच्या जागी सापडते, आणि जळगावची चूक तशीच राहते.

रिकामी खोली तटस्थ असते, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. संदर्भ काढून घेतलेली संहिता दुसऱ्या कोणाच्या तरी संदर्भात वाचली जाते, एवढेच.

म्हणून आमचे म्हणणे असे: जुन्या चिठ्ठ्या जरूर पुसाव्यात, मग आवश्यक तेवढ्याच नावानिशी द्याव्यात. त्यांत भाषेची असावी आणि त्या भाषेचे नियमही खोलीत ठेवावेत, कारण नुसते नाव देऊन भागत नाही. काय दिले, हे निकालासोबत नोंदवावे. कोशांच्या आणि शब्दसूचींच्या कामात आता प्रोग्राम वापरले जातात. कोणती पोथी प्रमाण मानली, हे संपादक प्रस्तावनेत सांगतो. इथेही तेवढीच अपेक्षा आहे.