छायाचित्रांची खतावणी

या सदरातून आपण बहुधा मुदत ठेवी, वारसनोंद, कर्जाचे हप्ते आणि कराचे हिशेब यांविषयी बोलत असतो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. परंतु तोही नोंद आणि जतन यांच्याशीच निगडित आहे. घरोघरी संगणकात आणि मोबाइलमध्ये साठलेल्या छायाचित्रांचा स्लाइड शो करून, त्याला मेनू आणि संगीत जोडून, त्याची डीव्हीडी कशी तयार करावी, हा तो विषय होय.

‘आता डीव्हीडी कोण पाहतो?’ असे तरुण मंडळी विचारतील. प्रश्न रास्त आहे. नव्या लॅपटॉपमधून डीव्हीडी ड्राइव्ह जवळपास नाहीसाच झाला आहे. तथापि अनेक घरांत टीव्हीखाली प्लेअर अजून आहे आणि घरातील ज्येष्ठांना मोबाइलच्या लहानशा पडद्यावर बोट सरकवत बसण्यापेक्षा रिमोटचे एक बटण दाबणे सोयीचे वाटते. शिवाय डीव्हीडी-आर ही शाईने लिहिलेल्या वहीसारखी असते. एकदा तिच्यावर लेखन झाले की कोणाचे बोट चुकून लागल्याने त्यातील मजकूर पुसला जात नाही.

व्यापारी कुटुंबांना रोजमेळ आणि खतावणी यांतील फरक सांगण्याची आवश्यकता नाही. मोबाइलमधील छायाचित्रे हा रोजमेळ आहे. त्यात लग्नाच्या मांडवाशेजारीच मालाच्या पावतीचा फोटो असतो आणि नातवाच्या बारशानंतर लगेच नळ दुरुस्तीचे बिल येते. सारे काही तारखेप्रमाणे आहे, पण हवे ते सापडत नाही. खतावणीत जसे प्रत्येकाचे खाते निराळे निघते, तसे स्लाइड शोमध्ये प्रत्येक प्रसंगाचे पान निराळे निघाले पाहिजे. आजोबांचे दुकान, थोरल्या भावाचे लग्न, माहेरची माणसे, जुने घर अशी पाच-सहा खाती प्रथम कागदावर लिहावीत आणि मगच संगणकाला हात लावावा.

यानंतरचे काम निवडीचे आहे आणि तेच सर्वांत कठीण आहे. डीव्हीडीच्या रचनेत एका टायटलमध्ये ९९ हून अधिक चॅप्टर बसत नाहीत. म्हणून काही सॉफ्टवेअर एका स्लाइड शोमध्ये ९९ च छायाचित्रे घेतात. ही मर्यादा मला उपकारकच वाटते. प्रत्येक छायाचित्र ६ सेकंद दाखवले, तर ९९ छायाचित्रांना जवळजवळ १० मिनिटे लागतात. पाहुणे त्याहून अधिक काळ एका प्रसंगात रमत नाहीत. एकाच क्षणाची सात छायाचित्रे असतील, तर ज्यात सर्वांचे डोळे उघडे आहेत असे एक ठेवावे व बाकीची वगळावीत. वगळणे म्हणजे नष्ट करणे नव्हे. मूळ संचाला हात न लावता निवडक प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये घ्याव्यात.

सॉफ्टवेअरविषयी थोडे. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ यांच्यासोबत विंडोज डीव्हीडी मेकर येत असे. विंडोज ८ पासून तो मिळेनासा झाला. फोटो स्टुडिओवाल्यांना परिचित असलेले प्रोशो ज्या कंपनीचे होते, ती फोटोडेक्स कंपनी २०२० साली बंद पडली. आज डीव्हीडी-स्टायलर हे विनामूल्य सॉफ्टवेअर घरगुती कामास पुरेसे आहे. यातून घेण्याजोगा बोध असा, की सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रकल्प-फाइलवर विसंबू नये. ती फाइल उघडणारे सॉफ्टवेअर उद्या असेलच, याची हमी कोणी देत नाही. तयार झालेली डीव्हीडी मात्र सर्वमान्य मानकाप्रमाणे बनलेली असल्यामुळे बहुतेक प्लेअरवर चालते.

मेनू म्हणजे खतावणीच्या आरंभीची अनुक्रमणिका. तो रिमोटच्या बाणांनी चालवायचा असतो, हे ध्यानात ठेवून पाच-सहाच बटणे ठेवावीत आणि अक्षर ठसठशीत घ्यावे. पहिले बटण ‘सर्व पाहा’ असे असावे, म्हणजे ज्याला निवड करायची नाही त्याची अडचण होत नाही. जुन्या टीव्हीवर चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात. यास्तव शीर्षके कडेपासून सुमारे दहा टक्के आत घ्यावीत. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरे मोडतात. तसे झाल्यास शीर्षकाची पाटी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र म्हणून तयार करून ती पार्श्वभूमीला लावावी. मेनूमागचे संगीत कोणी बटण दाबीपर्यंत पुन्हा पुन्हा वाजत राहते. म्हणून ते मंद आणि शब्दविरहित असणे बरे.

आता हिशेबाची एक बाब, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडील पाल पद्धतीच्या डीव्हीडीत चित्राची चौकट ७२० गुणिले ५७६ बिंदूंची, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदूंची असते. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे छायाचित्र १ कोटी २० लाख बिंदूंचे असते. म्हणजे स्लाइड शोमध्ये मूळ ठेवीचा सुमारे २९ वा हिस्साच शिल्लक राहतो. टीव्हीवर पाहण्यास तो पुरतो; पण पुढे कोणाला त्यावरून मोठी तसबीर करावयाची झाल्यास काहीच हाती लागणार नाही. म्हणून मूळ छायाचित्रांची स्वतंत्र डिस्क अवश्य करावी. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात; एक छायाचित्र सरासरी ४ एमबीचे धरले, तर सुमारे ११०० मूळ छायाचित्रे एका डिस्कवर बसतात. स्लाइड शोची डीव्हीडी ही पाहण्यासाठी आणि मूळ छायाचित्रांची डिस्क ही जतनासाठी, असा हा भेद आहे.

संगीताच्या बाबतीत चित्रपटगीतांचा मोह आवरावा असे मी सुचवीन. घरात चार माणसांनी पाहण्याची गोष्ट निराळी. परंतु तोच स्लाइड शो समारंभात दाखवला किंवा इंटरनेटवर चढवला, की हक्कांचा प्रश्न येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे राहतात. शिवाय गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क वेगळे असतात.

आणि चित्रपटगीताहून मोलाचा आवाज आपल्या घरातच आहे. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांत मागील रांगेत उभे असलेले गृहस्थ कोण, पेढीच्या दारातील मुनीम कोठले, आजीच्या शेजारी बसलेली मुलगी कोणाची, हे सांगू शकणारी घरात एखाद-दुसरीच व्यक्ती उरलेली असते. ती आहे तोवर छायाचित्र बोलते. तिच्या पश्चात ते केवळ अनोळखी चेहऱ्यांचे राहते. बँकेत वारसनोंद नसलेल्या खात्याचे काय होते, हे आपण जाणता. पैसे असतात, पण ते कोणाचे, हे सिद्ध करण्यात कुटुंबाची दमछाक होते. नावे न लिहिलेल्या छायाचित्रांची गती याहून वाईट, कारण तेथे अर्ज करायलाही कोणी उरत नाही.

म्हणून जुनी छायाचित्रे स्कॅन करून झाल्यावर ती ज्येष्ठांसमोर एकेक करून मांडावीत आणि मोबाइलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. कोण, कोठे, कोणत्या साली, एवढेच विचारावे. बाकीचे त्या आपणहून सांगतात. त्यांना घाई करू नये आणि एका बैठकीत वीसहून अधिक छायाचित्रे घेऊ नयेत. हाच आवाज स्लाइड शोला द्यावा. अशा वेळी छायाचित्राचा अवधी ६ सेकंदांचा न ठेवता बोलणे संपेपर्यंतचा ठेवावा. नावे आणि साल पडद्यावर खाली अक्षरांतही द्यावे, म्हणजे ऐकू कमी येणाऱ्यांची सोय होते आणि पुढच्या पिढीस शुद्धलेखनासह नाव मिळते.

शेवटी डिस्कविषयी. नामांकित बनावटीची कोरी डिस्क घ्यावी, लेखन कमी वेगाने करावे आणि सॉफ्टवेअरमधील पडताळणीचा पर्याय वगळू नये. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये; डिस्कसाठीच्या मऊ टोकाच्या मार्करने विषय आणि दिनांक लिहावा. डिस्क उन्हापासून व दमटपणापासून दूर, डबीत उभी ठेवावी. कोणतीच डिस्क चिरंतन नसते. म्हणून दर दिवाळीला नवी वही घालतेवेळी ती एकदा लावून पाहावी आणि काही वर्षांनी तिची नवी प्रत करावी. एक प्रत आपल्याकडे आणि एक दुसऱ्या गावी असलेल्या भावाकडे किंवा लेकीकडे असावी. नव्या टीव्हीसाठी तोच स्लाइड शो एमपी-४ स्वरूपात पेन ड्राइव्हवरही घ्यावा.

या साऱ्या कामांत डिस्कचे लेखन महिनाभर लांबले तरी बिघडत नाही. ते मुले-नातवंडे केव्हाही करतील. ज्येष्ठांजवळ बसून नावे विचारण्याचे काम मात्र याच आठवड्यात हाती घ्यावे.