एक ओळ राहून गेली

मागच्या विजय दिनाला, म्हणजे १६ डिसेंबरला, नोएडातल्या आमच्या सोसायटीने माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता. निरोपात लिहिले होते, ‘पदके लावून यावे.’ शेजारच्या इमारतीतले आप्पा काळ्या कोटावर तीन पदके लावून आले. आप्पा मूळचे सातारा जिल्ह्यातले. पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता मुलाकडे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. डिसेंबर १९७१ मध्ये ते पूर्व आघाडीवर होते. मांडीत तोफगोळ्याचा तुकडा शिरला, त्यामुळे आजही जिना चढताना ते एकेक पायरी घेतात.

कार्यक्रम संपल्यावर सातवीतल्या एका मुलाने मोबाइलवर पदकांचा तक्ता उघडला आणि आप्पांच्या छातीशी ताडून पाहिला. मग त्याने विचारले, “आजोबा, तुम्ही पूर्वेकडे लढलात ना? मग तुमचा पूर्वी स्टार कुठंय?”

आप्पा हसून म्हणाले, “यायचाय बाळा.”

पन्नासहून अधिक वर्षे तो ‘यायचाय’. त्या संध्याकाळी मी आप्पांचे डिस्चार्ज बुक मागून घेतले. पदकांच्या रकान्यात संग्राम पदक होते, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक होते, दीर्घ सेवेचे होते. पूर्वी स्टारची ओळ मात्र नव्हती. १९७१ च्या युद्धकाळात सेवेत असलेल्या फार मोठ्या वर्गाला संग्राम पदक मिळाले. पूर्वी स्टार पूर्वेकडच्या लढाईसाठी आणि पश्चिमी स्टार पश्चिमेकडच्या लढाईसाठी. म्हणजे आप्पांचा कागद सांगतो की हा माणूस युद्धकाळात फौजेत होता. तो लढाईत होता हे तो कागद सांगत नाही.

असे कसे झाले, हे आप्पांच्या बोलण्यातून हळूहळू कळले. युद्धानंतर पलटणीने पदकांच्या याद्या केल्या तेव्हा आप्पा रुग्णालयात होते. बरे झाल्यावर त्यांना दुसऱ्या युनिटमध्ये पाठवले गेले. जुन्या युनिटच्या यादीत ते हजर नव्हते आणि नव्या युनिटला ते कुठे लढले याच्याशी कर्तव्य नव्हते. दोन याद्यांच्या फटीत एक नाव पडले. कोणी मुद्दाम केले नाही, पण कोणी मागे वळून पाहिलेही नाही.

विद्यार्थी मित्रहो, या विषयावर बोलताना तीन गोष्टींची गल्लत होते, ती आधी दूर करू. शौर्यपदक ही शिफारशीवर आणि वरिष्ठांच्या निर्णयावर अवलंबून असलेली गोष्ट आहे. ते हक्क म्हणून मागता येत नाही, आणि अनेक दशकांपूर्वीचे प्रस्ताव पुन्हा उघडायला सरकार सहसा राजी नसते. दुसरी गोष्ट मोहिमेच्या आणि सेवेच्या पदकांची. तिथे निकष ठरलेले असतात. ते पुरे केले की पदक मिळायला हवे, त्यात मेहेरबानी नाही. तिसरी गोष्ट त्याहून साधी: पदक जाहीर झाले, पण सैनिकाच्या सेवापुस्तिकेत त्याची नोंद झाली नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात माजी सैनिक काही नवे मागत नसतो. जे घडले ते लिहा, एवढेच त्याचे म्हणणे असते.

माझे मत असे आहे की ही दुरुस्ती करून घेण्याचे ओझे म्हाताऱ्या सैनिकाच्या खांद्यावर असता कामा नये. ज्याच्याकडे कागद आहेत त्याच्यावर ते असावे.

आज नेमके उलट आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अभिलेख बेळगावात, बॉम्बे सॅपर्सचे खडकीत, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे सागरला. सैनिक निवृत्त होऊन गावी जातो किंवा मुलांबरोबर दिल्ली, नोएडा, गुरुग्रामला येतो. त्याने पत्र लिहायचे, तिकडून उत्तर येणार, मग त्याने पुरावा शोधायचा. आप्पांसाठी मी लिहिलेल्या पहिल्या पत्राला उत्तर आले की उपलब्ध अभिलेखात अशी नोंद नाही. नोंद नाही म्हणूनच तर पत्र लिहिले होते! दुसऱ्या पत्रासोबत आम्ही रुग्णालयाच्या चिठ्ठीची प्रत जोडली. पिवळी पडलेली, चार घड्यांची ती चिठ्ठी आप्पांनी ट्रंकेत पोथीच्या पानांत जपली होती. तिच्यावर युनिटचे नाव आहे, तारीख आहे, जखमेचे कारण आहे. यावर उत्तर आले की त्याच युनिटमधल्या दोन साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे जोडा.

मी ते वाचून दाखवले. आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दोघं होते साहेब माझ्या खंदकात. एक तिथंच राहिला. दुसरा मागल्या साली गेला, मी गावाला जाऊन माती देऊन आलो. आता कुणाची सही आणू?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आप्पांच्या मुलाने एकदा दुसरा मार्ग सुचवला. दिल्ली कॅंटॉन्मेंटमधल्या गोपीनाथ बाजारात गणवेशाच्या दुकानांतून फिती आणि पदके विकत मिळतात. “आणून लावू या, कोण विचारतंय?” तो म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला वडिलांचे वाईट वाटत होते. आप्पांनी मान हलवली. “ते चोरीचं वाटंल,” एवढेच बोलले. धातूचा तुकडा बाजारात मिळतो. सेवापुस्तिकेतली ओळ कुठल्याच बाजारात मिळत नाही, म्हणून तर तिला किंमत आहे.

नोंदीचे मोल काय असते, याची मोठी उदाहरणे आपल्यासमोर आहेत. कारगिलच्या युद्धात टायगर हिलवर पराक्रम गाजवणारे १८ ग्रेनेडियर्सचे योगेंद्र सिंह यादव यांचे परमवीर चक्र सुरुवातीला मरणोत्तर म्हणून जाहीर झाले होते. त्याच पलटणीत त्याच नावाचा दुसरा जवान होता, तो धारातीर्थी पडला होता. हे यादव मात्र जखमी अवस्थेत रुग्णालयात होते. कागदावर मेलेला माणूस जिवंत होता आणि ती चूक लवकर सुधारली गेली. परमवीर चक्राकडे साऱ्या देशाचे लक्ष असते, म्हणून ती सुधारली. आप्पांच्या स्टारकडे कोणाचे लक्ष असणार?

कारगिलमधलेच दुसरे प्रकरण दिल्लीत लढले गेले. बटालिक भागात ७० इन्फन्ट्री ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ब्रिगेडिअर देविंदर सिंग यांनी आपल्या कामगिरीची नोंद अन्यायाने झाली, अशी तक्रार सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे नेली. महावीर चक्रासाठी शिफारस झालेल्या या अधिकाऱ्याला विशिष्ट सेवा पदक मिळाले होते. रामकृष्ण पुरममधल्या प्रधान पीठाने २०१० मध्ये त्यांचे म्हणणे मान्य केले आणि लढाईनंतरच्या अहवालात दुरुस्ती करायला सांगितले. लढाई १९९९ ची, निकाल २०१० चा, मध्ये अकरा वर्षे. ब्रिगेडिअर दर्जाच्या माणसाला वकील गाठता येतो, फाइल वाचता येते. तरी अकरा वर्षे लागली. हवालदाराने किती धरावीत?

आपल्या मराठी मुलखातले उदाहरण मुरलीकांत पेटकरांचे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या या जवानाला १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. पुढे १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार त्यांनी राष्ट्रपती भवनात जानेवारी २०२५ मध्ये स्वीकारला. उशीर झाला, फार झाला. पण हायडेलबर्गच्या निकालपत्रकात त्यांचे नाव आणि वेळ लिहिलेली होती, म्हणून दाद मागायला पायाखाली जमीन होती. ज्याची नोंदच नाही, त्याने कशावर उभे राहायचे?

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते घेणारे सगळे दुष्ट नसतात. पहिला आक्षेप: या वयात पदक मिळून काय होणार, त्यातून पैसा तर येत नाही. खरे आहे, येत नाही. तरीही आप्पा चौदा महिने पोस्टमनची वाट पाहतात, यावरूनच हा प्रश्न पैशाचा नाही हे कळावे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: असे दार उघडले तर खोटे दावेही येतील. येतील. म्हणून तपास कडकच हवा. पण तपास म्हणजे म्हाताऱ्याला साक्षीदार शोधायला लावणे नव्हे. पलटणीची युद्ध-दैनंदिनी असते, पार्ट टू ऑर्डर असतात, पदकांच्या मूळ याद्या असतात, रुग्णालयाची नोंदवही असते. हे सारे सरकारजवळ आहे. त्यांचा एकमेकांशी ताळा घातला तर खरा कोण आणि खोटा कोण हे दोन प्रतिज्ञापत्रांपेक्षा जास्त चांगले कळेल.

तिसरा आक्षेप असा की जुने कागद राहिलेलेच नाहीत. निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकांची कागदपत्रे पंचवीस वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियमच आहे. यावर अमेरिकेतले उदाहरण पाहा. सेंट लुइस शहरातल्या सैनिकी अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून जास्त सैनिकांच्या फाइली जळाल्या. तिथल्या लोकांनी हात वर केले नाहीत. पगाराचे कागद, तुकड्यांचे रोजचे हजेरी अहवाल, रुग्णालयांच्या नोंदी असे इतरत्र जे काही होते त्यावरून ते सैनिकांची सेवा पुन्हा जुळवून देऊ लागले. त्याच देशाने दुसऱ्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदी पुन्हा तपासून जानेवारी १९९७ मध्ये सात जणांना सर्वोच्च शौर्यपदक दिले. ते हातात घ्यायला सातांपैकी एकच जण हयात होता. उशिराच्या न्यायाचा हा हिशेब आपणही ध्यानात ठेवावा.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. दावा आला की आधी कार्यालयाने आपल्याकडचे सगळे कागद तपासावेत आणि काय काय तपासले ते उत्तरात लिहावे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचे अर्ज आधी हाती घ्यावेत. आणि सैनिक निवृत्त होताना पदकांचा रकाना त्याला मोठ्याने वाचून दाखवावा, मगच त्याची सही घ्यावी. यांतल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.

आता तुमच्याशी दोन शब्द. सुट्टीत घरी जाल तेव्हा आजोबांची ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुकातले नाव, सैनिक क्रमांक आणि पदकांचा रकाना पाहा. ते कुठे होते, कोणत्या साली होते, हे त्यांना विचारा आणि ताडून बघा. काही राहिले असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, रेकॉर्ड ऑफिसला क्रमांक, हुद्दा, युनिट आणि तारखांसह अर्ज करा, आणि पत्राची प्रत जपून ठेवा. त्यांच्या सोबतीचे जे कोणी हयात असतील त्यांच्याकडून दोन ओळी आजच लिहून घ्या. आमच्या बाबतीत ते राहून गेले.

तुमच्यापैकी बरेच जण अधिकारी होतील. त्यांना एक कबुली द्यायची आहे. मी याच शाळेतून गेलो, फौजेत बावीस वर्षे काढली. तरुण कॅप्टन असताना माझ्या टेबलावर पार्ट टू ऑर्डरचे गठ्ठे यायचे. संध्याकाळी खेळाच्या तासाची घाई असायची. क्लार्क पाने उलटायचा आणि मी सही करत जायचो. किती ओळी न वाचता गेल्या असतील, कोणाचे नाव सुटले असेल, मला माहीत नाही आणि आता कधी कळणारही नाही. कुठल्या तरी गावात एखाद्या आप्पांना नातू विचारत असेल, आणि माझ्या त्या सहीमुळे ते ‘यायचाय’ म्हणत असतील.

आप्पांचे तिसरे पत्र गेल्या महिन्यात रवाना झाले. त्यात आम्ही लिहिले आहे की साक्षीदार हयात नाहीत, कृपया युनिटची दैनंदिनी पाहावी. रोज सकाळी दूध घेऊन येताना आप्पा खालच्या टपालपेटीत डोकावतात. काही नसले तर मला खिडकीत पाहून हात हलवतात आणि एकेक पायरी चढत वर जातात.