लेकरांच्या कपाळावरचा धंदा

मेंदूच्या लहरी मोजून पोरांचा खेळ सुधारतो, असं कुणी सांगू लागलं की मी एकच विचारतो: पट्टा काढल्यावर किती सुधारतो? समोरचा माणूस मग लॅपटॉप उघडतो आणि रंगीत आलेख दाखवू लागतो. उत्तर देत नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या माकणीच्या पंचक्रोशीतल्या एका शाळेत असा एक जण येऊन गेला. शाळेचं नाव सांगत नाही. मुख्याध्यापक भला माणूस आहे आणि असे भले मुख्याध्यापक प्रत्येक तालुक्यात सापडतात, त्यांच्याच जिवावर हा धंदा चालतो. इस्त्रीचा शर्ट, चाकाची बॅग, बॅगेत कपाळाला बांधायचा काळा पट्टा, मोबाइलमध्ये ॲप. पट्टा बांधला की पडद्यावर एक विमान दिसतं. मन एकाग्र झालं की विमान वर जातं, भरकटलं की खाली येतं. रोज थोडा वेळ विमान उडवा, मुलगा तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून राज्याला. याला न्यूरोफीडबॅक म्हणतात, साहेबांनी फळ्यावर लिहून दाखवलं. खर्च अर्थातच पालकांचा. प्रात्यक्षिकात आठवीतल्या एका पोरीनं विमान सगळ्यांत उंच नेलं. साहेबांनी तिच्या एकाग्रतेचं तोंडभर कौतुक केलं. ती चिंच चघळत होती.

यात चमत्कार काही नव्हता. मेंदूतून निघून कवटी आणि कातडी पार करत बाहेर येणारा विजेचा दाब मोजक्या मायक्रोव्होल्टांचा असतो, म्हणजे व्होल्टच्या दहालाखाव्या भागांत मोजायचा. बॅटरीच्या साध्या सेलमध्ये दीड व्होल्ट असतो, यावरून काय ते समजा. डोळा मिचकावला, कपाळाला आठी पडली, दात आवळले की डोळ्यांची आणि स्नायूंची वीज मेंदूच्या विजेला सहज झाकून टाकते. दवाखान्यातला तंत्रज्ञ हा गोंगाट ओळखतो आणि बाजूला काढतो. ते त्याचं शिक्षणच असतं. बाजारातला स्वस्त पट्टा तोच गोंगाट कंपनीच्या गुप्त सूत्रात ओततो आणि 'एकाग्रता' म्हणून टक्के दाखवतो. पेपर काढणारी कंपनी, तपासणारी कंपनी, निकाल लावणारीही कंपनी. शिवाय खेळाडूंच्या बाबतीत ज्या लहरींचं नाव सर्वांत जास्त घेतलं जातं, त्या सेकंदाला १२ ते १५ आवर्तनांच्या लहरी टाळूच्या आसपास मोजतात. आमच्या पोरी चपचपीत तेल लावून, दोन वेण्या घालून शाळेत येतात. टाळूवर इलेक्ट्रोड नीट बसवायचा तर आधी तेल काढा, कातडी घासा, जेल लावा. एवढं कोण करणार? म्हणून पट्टा कपाळाला, जिथं केस नाहीत.

विज्ञानाशी माझं भांडण नाही. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या आणि पाच वर्षांनी त्या जगापुढे मांडल्या. ते थोर काम आहे. पुढे अमेरिकेत बॅरी स्टरमन यांनी मांजरांना बक्षिसाच्या आमिषानं विशिष्ट लहरी वाढवायला शिकवलं आणि त्या मांजरांना फिट उशिरा येतात असं त्यांच्या ध्यानात आलं. तिथून ही विद्या मिरगीच्या रुग्णांकडे गेली, मग लक्ष न लागणाऱ्या मुलांकडे, मग खेळाडूंकडे. आता माकणीकडे बघा. इकडं फिट येणारं लेकरू असेल तर त्याचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढायला सोलापूर नाहीतर लातूर गाठावं लागतं. त्याआधी त्याला चप्पल हुंगवून होते, कांदा फोडून होतो, अंगारा लावून होतो. खऱ्या आजाऱ्याला जे यंत्र पाहिजे ते गावात येत नाही, आणि त्याचं खेळणं बॅगेत बसून शाळेच्या दारात येतं!

विक्रेत्याचं हुकमाचं पान म्हणजे अभिनव बिंद्रा. ११ ऑगस्ट २००८, बीजिंग, दहा मीटर एअर रायफल, भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण. बिंद्रा यांनी टिम हार्कनेस या दक्षिण आफ्रिकी मानसशास्त्रज्ञाबरोबर बायोफीडबॅकवर काम केलं होतं, हे खरंच आहे. पण त्याआधी त्यांच्याकडे काय होतं ते हा गृहस्थ सांगत नाही. घरच्या आवारात स्वतःची शूटिंग रेंज. उत्तम रायफल, मागाल तितक्या गोळ्या. परदेशी प्रशिक्षक, परदेशात सराव. सुधारण्यासारखं बाहेर फार काही उरलं नाही, तेव्हा त्या माणसानं डोक्याच्या आत बघायला सुरुवात केली. आमच्या पोरांचं बाहेरचं सगळंच सुधारायचं राहिलंय, आणि यांना थेट आत शिरायची घाई.

त्यातही नेमबाजी हा स्थिर उभं राहून, श्वास धरून, आपल्या वेळेनं चाप ओढायचा खेळ. लक्ष्य जागचं हलत नाही. असा एखादा सेकंदाचा दहावा भाग शोधायला लहरींची मदत होत असेल, तर मी कशाला नाही म्हणू? खो-खोत मात्र समोरची पोरगी हुलकावणी देते, खांबाला वळसा घालते, साखळी मोडते, आणि तुमच्या पाठीवर खो पडला की उठायच्या आत डावा-उजवा ठरवायचा असतो. ही बुद्धी खुर्चीवर बसून विमान उडवल्यानं येते, हे सिद्ध करणारं काही असेल तर दाखवा.

संशोधन काय म्हणतं, तेही विक्रेते अर्धंच वाचून दाखवतात. १९९१ मध्ये अमेरिकेत डॅनियल लँडर्स आणि सहकाऱ्यांनी २४ तिरंदाजांवर प्रयोग केला. मेंदूच्या योग्य बाजूचा फीडबॅक मिळालेल्यांचा नेम सुधारला. हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असतं. ज्यांना मुद्दाम चुकीच्या बाजूचा फीडबॅक दिला त्यांचा नेम बिघडला, हे पुढचं वाक्य कुठंच नसतं. म्हणजे या विद्येत ताकद असेल तर ती उलटही लागते. मग तिची दोरी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेल्या पोराच्या हातात कशी द्यायची? आणि ताकद नसेल तर पैसे कशाचे? अलीकडचा मोठा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला: अतिचंचलपणाचं निदान झालेली ७ ते १० वर्षांची १४४ मुलं, ३८ सत्रं. काहींना खरा फीडबॅक, काहींना बनावट. कुणाला कोणता, हे मुलांनाही ठाऊक नाही, पालकांनाही नाही, सत्र घेणाऱ्यांनाही नाही. दोन्ही गट सारखेच सुधारले. खऱ्या लहरींचा म्हणून वेगळा फायदा दिसला नाही. मुलांना कुणीतरी वेळ दिला, शांत बसवलं, शाबासकी दिली, आशा दाखवली. सुधारायला तेवढं पुरलं असावं. तेवढं तर आमचे गुरुजी फुकट करू शकतात, त्यांना निवडणुकीच्या याद्या आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून सोडलं तर.

चीनमध्ये हा तमाशा होऊन गेलाय. २०१९ मध्ये चच्यांग प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळाला असेच पट्टे बांधले. पट्ट्यावरचा दिवा मुलाचं लक्ष आहे की नाही हे रंगावरून सांगायचा आणि आकडे शिक्षकांच्या संगणकावर जायचे. चित्रफीत बाहेर आली, लोक खवळले, पट्टे बंद करावे लागले. चीनमध्ये लोक खवळले, हे लक्षात घ्या. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची खात्रीशीर संमती मागतो आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मज्जाव करतो. ॲपमध्ये साठलेल्या लहरी कुणाच्या, हे त्या शाळेत कुणी विचारलं नाही. पालक सभेत सह्या झाल्या, चहा झाला.

आता आमच्या जिल्ह्याचं सांगतो, कारण विक्रेत्याला हा जिल्हा कोरी पाटी वाटतो. धाराशिव हे खो-खोचं गाव आहे. इथली सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. कित्येक वर्षं दिवसाला एकच वेळ जेवून खेळले, हे तिनं स्वतः सांगितलंय. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेला जायला वाहन नव्हतं म्हणून पायी-पळत जायचा. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य त्यानं आणलं. यांच्या लहरी कुणी मोजल्या होत्या?

पण थांबा. हे ऐकून टाळ्या वाजवणारी दुसरी जमात आहे आणि तिचा मला पट्टेवाल्यांइतकाच संताप येतो. "बघा, उपाशीपोटीही पोरं जिंकतात!" जिंकतात त्या एक-दोन. बाकीच्या शेकडो मैदानातच चक्कर येऊन बसतात, पुढच्या वर्षी त्यांचं लग्न लागतं, त्यांची मुलाखत घ्यायला कुणी येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आहेत. रक्तात लोह नाही, म्हणजे स्नायूंना प्राणवायू नाही. दुसऱ्या डावात पाय जड होतात ते याच्यामुळं. यावरचा उपाय आठवड्याच्या निळ्या गोळीत आणि ताटात आहे. ताटाचंही ऐका. महाराष्ट्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं किंवा केळं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा निधी थांबवला आणि द्यायचंच असेल तर लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना सांगितलं. अंड्याला वर्गणी, आणि पट्ट्याला पालक सभेत संमती!

इथं मला खरा राग आहे. पट्ट्याचा पैसा वाया जातो ही किरकोळ गोष्ट झाली. पट्टा पोराला आणि त्याच्या आईबापाला काय शिकवतो ते बघा. हरलास? तुझं मन भरकटलं. चक्कर आली? तुझ्या लहरी बिघडल्यात. सहाव्या क्रमांकावर आलास? अजून एक पॅकेज घे. मैदान नाही, क्रीडाशिक्षक नाही, गणिताच्या सरांनी गळ्यात शिट्टी अडकवून खेळाचा तास घ्यायचा, सोयाबीनच्या काढणीत पोरगं आठवडाभर रानात. या सगळ्याचा हिशोब एका झटक्यात लेकराच्या कवटीत नेऊन टाकला. संस्थाचालक सुटला, शासन सुटलं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान पाहिजे असं लिहिलंय. उच्च प्राथमिकला शंभरावर पट असेल तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक पाहिजे असंही लिहिलंय. कायदा २००९ चा. त्याची टक्केवारी दाखवणारं ॲप अजून कुणी काढलेलं नाही.

सरकारला जमत नाही असंही नाही. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याला राज्याच्याच क्रीडा प्रबोधिनीनं घेतलं, राहायला जागा दिली, जेवण दिलं, प्रशिक्षक दिले. २०२४ मध्ये पॅरिसला त्यानं पन्नास मीटर रायफलचं कांस्य मिळवलं. गावाकडचा पोरगा, सरकारी योजना, ऑलिम्पिक पदक. अशी व्यवस्था प्रत्येक तालुक्याला का नाही, हा प्रश्न विचारायला पट्टेवाला नको, आमदार पाहिजे.

हा माल काही पहिल्यांदा दारात आलेला नाही. मागं 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'वाले आले होते; डोळ्यांना पट्टी बांधून पोरं वाचतात म्हणायचे. पट्टीच्या खालून, नाकाजवळच्या फटीतून दिसायचं. विवेकवादी कार्यकर्त्यांनी भर सभेत ते उघडं पाडलं. मग बोटांचे ठसे घेऊन बुद्धी सांगणारे आले. ते खपलं कारण ठसे शास्त्रीय दिसतात. आता पट्टी डोळ्यांवरून कपाळावर सरकली आहे आणि या वेळी मागं थोडं खरं शास्त्र उभं आहे, म्हणून हे जास्त दिवस टिकेल. अर्धं खरं पकडायला अवघड जातं.

तेव्हा मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या मंडळींना माझं सांगणं एवढंच. पट्टेवाला पुन्हा आला तर त्याला चहा पाजा, आणि निम्म्या पोरांना बनावट विमान दाखवून महिनाभरानं दोन्ही गटांची शर्यत लावायला सांगा. तयार झाला तर मला कळवा, मी स्वतः शिट्टी घेऊन येतो. तयार झाला नाही तर त्याला एसटीच्या थांब्यावर सोडा. पट्ट्यासाठी जमवायला निघालेले पैसे अंड्यांना लावा, आरोग्य केंद्रात सांगून पोरींचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि निदेशकाच्या जागेचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर पोच घेऊन ठेवा. पावसाळा सरता सरता तालुक्याचे सामने सुरू होतात. त्याआधी मैदानातले दगड वेचायचे राहिलेत.