होइस्टचा बीम आणि त्याखालची गाडी

व्हॅनचे फिरत्या वर्कशॉपमध्ये रूपांतर करताना होइस्टचा बीम बहुधा सगळ्यात शेवटी ठरतो. कामाचे बाक, कपाटे, कॉम्प्रेसर, जनरेटर यांच्या जागा पक्क्या झाल्या की छताखाली जे काही उरते, त्यात बसेल तो पाइप घेतला जातो. हा क्रम उलटा आहे. पंप, मोटर, गिअरबॉक्स असे नग मागच्या दारातून आत घेणे हेच ज्या गाडीचे काम, तिच्यात उचलणारी चौकट आधी आखावी लागते आणि बाकीचे सामान तिच्या आजूबाजूला बसवावे लागते.

छत हे आधार नव्हे. व्हॅनच्या छताचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो आणि त्याखालच्या आडव्या पट्ट्या पत्र्याला आकार देण्यापुरत्या असतात. भार बीमवरून खांबांवर, खांबांवरून फरशीच्या पत्र्याला न दुखवता थेट चॅसीवर उतरला पाहिजे. स्वतंत्र चॅसी नसलेल्या व्हॅनमध्ये खांबाचा पाय फरशीखालच्या मजबुतीच्या पट्ट्यांवरच यावा आणि खालून जाड प्लेट देऊन आरपार बोल्ट करावा. पाय दोन पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या पत्र्यावर आला, तर वर कितीही दणकट बीम असला तरी फरशी दबणारच.

आता बीमचा हिशोब. नेहमीची मांडणी अशी असते: गाडीच्या रुंदीत आडवे बीम आणि त्यांच्याखाली लांबीच्या दिशेने ट्रॉलीचा आय-बीम. समजा इलेक्ट्रिक होइस्टची क्षमता ५०० किलो, होइस्ट आणि ट्रॉली मिळून ५० किलो, आडव्या बीमचा स्पॅन १.८ मीटर. ट्रॉली बरोबर आडव्या बीमखाली असताना सगळे ५५० किलो त्या एकाच बीमच्या मध्यावर येतात. भार झटक्याने उचलला जातो म्हणून इलेक्ट्रिक होइस्टला २५ टक्के जादा धरायचे. हाताच्या चेन ब्लॉकला १० टक्के पुरतात. म्हणजे हिशोबाचा भार सुमारे ६९० किलो झाला. ६० × ६० × ४ मिमीच्या चौकोनी पाइपमध्ये या भाराने दर चौरस मिमीला सुमारे २०० न्यूटन ताण येतो. वायएसटी २१० प्रतीच्या पाइपला १४० च्या आसपासच परवानगी आहे, म्हणजे हा पाइप बाद. १०० × ५० × ४ चा पाइप उभा लावला तर ताण ११० च्या आत राहतो, आणि वजनात फरक मीटरमागे दोन किलोहून कमी. हाच पाइप आडवा टाकला, तर कडकपणा एक-तृतीयांश होतो. पाच सेंटिमीटर उंची वाचवण्यासाठी पाइप आडवा घालणारे फॅब्रिकेटर कमी नाहीत. त्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

ताण बसला म्हणजे काम झाले असे नाही. बीम किती वाकतो, हे तितकेच पाहावे लागते. आयएस ८०० : २००७ मध्ये हाताने चालणाऱ्या क्रेनच्या गर्डरसाठी स्पॅनचा ५०० वा आणि ५० टनांपर्यंतच्या विजेच्या क्रेनसाठी ७५० वा भाग ही मर्यादा आहे. ती कारखान्यातल्या क्रेनसाठी असली, तरी गाडीत तिच्यापेक्षा ढिलाई करण्याचे कारण नाही. वरच्या उदाहरणात ७५० वा भाग म्हणजे २.४ मिमी. उभा १०० × ५० चा पाइप तेवढाच वाकतो, ६० चा चौकोनी सात मिमीच्या वर जातो. ट्रॉलीच्या बीमला हे फार नडते: बीम झुकला की भरलेली ट्रॉली उताराकडे आपोआप घरंगळते, आणि गाडी जरा तिरकी उभी असेल तर तिला हाताने धरून ठेवणे कठीण होते.

खरी कसोटी दाराबाहेर लागते. जमिनीवरचा नग उचलायचा तर ट्रॉलीचा बीम दारापलीकडे निघावा लागतो. तो ९० सेंटिमीटर बाहेर आणि आतले दोन आधार १.८ मीटर अंतरावर, असे धरू. टोकाला ५५० किलो लटकले की दाराजवळच्या आधारावर ८२५ किलो येतात आणि आतल्या आधाराला २७५ किलोंची उचल बसते. आत पास झालेला १०० × ५० चा बीम दाराजवळ, २५ टक्के जादा धरून, १६० च्या वर ताण घेतो, म्हणजे नापास होतो. दाराजवळचा आडवा बीम वेगळाच, वरच्या मापाचा हवा. आतला जोडही उचल धरणारा हवा; नुसता वरून टेकवलेला किंवा खालून अडकवलेला क्लॅम्प इथे चालत नाही, आणि खांबाचा पाय फरशीला धरणारे बोल्टही ही ओढ सोसणारे लागतात.

मग गाडी स्वतः. टोकाचा भार मागच्या आसापासून २.१ मीटर मागे आणि व्हीलबेस ३.३ मीटर असेल, तर पुढच्या आसावरून सुमारे ३५० किलो कमी होतात आणि मागच्या आसावर ९०० किलो वाढतात. स्प्रिंगा दबतात, गाडी मागे बसते, बीमचा उतार आणखी वाढतो. चॅसीच्या मागच्या टोकाखाली दोन पायजॅक आणि त्यांच्याखाली रुंद फळ्या, एवढे दिल्याशिवाय बाहेर काढलेल्या बीमवर भार घेऊ नये.

ट्रॉलीसाठी आय-बीमच का, हा प्रश्न नेहमी येतो. ट्रॉलीची चाके खालच्या फ्लँजवर चालतात आणि फ्लँजला कडेने खाली वाकवतात. म्हणून फ्लँजची जाडी वेगळी तपासावी लागते. उतरत्या फ्लँजच्या बीमला उतरती चाके, सपाट फ्लँजला सपाट. चुकीची जोडी लावली तर चाक एका रेघेवर चालते आणि काही महिन्यांतच फ्लँजवर चर पडतो. दोन्ही टोकांना बोल्ट केलेले स्टॉपर हवेतच.

ॲल्युमिनियमचा मोह वजनामुळे होतो. घनता पोलादाच्या एक-तृतीयांश, पण कडकपणाही एक-तृतीयांशच. तेवढेच कमी वाकायला हवे असेल तर सेक्शन उंच घ्यावा लागतो, आणि उंची हीच तर गाडीत नसते. ६०६१ टी-६ सारख्या मिश्रधातूची ताकद वेल्डिंगच्या शेजारी मोठ्या प्रमाणात उतरते, म्हणून असा बीम बोल्टनेच जोडावा. कोकणपट्टीत चालणाऱ्या गाडीत तो पोलादाला उघडा टेकवू नये, मध्ये पॅकिंग द्यावे.

पोलादी चौकट चॅसीला जोडताना वेल्डिंग शक्यतो टाळावे. लाँग मेंबरच्या फ्लँजला भोक पाडू नये. बोल्ट वेबमध्ये घ्यावेत आणि तेही गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या बॉडी-बिल्डिंग सूचनांत परवानगी असेल तिथेच. वरच्या भागात वेल्डिंग करतानाही बॅटरीची तार काढणे आणि अर्थ कामाच्या शेजारीच लावणे विसरू नये. एका ईसीयूच्या किमतीत दोन-तीन चौकटी होतात. घाटात आणि गतिरोधकांवर चॅसी पिळते. चारही पाय ताठ आवळले, तर हा पीळ चौकटीत शिरतो आणि वर्ष-दोन वर्षांत गसेटच्या टोकाशी केसाएवढी चीर दिसते. दोन पाय ताठ आणि दोन रबर पॅकिंगवर, ही मांडणी जास्त टिकते. पाइपची तोंडे बंद करावीत, तळाला पाणी निघायला छोटे भोक ठेवावे.

चालत्या गाडीत होइस्टला काहीही टांगलेले नसावे. नग फरशीला पट्ट्यांनी बांधायचा, ट्रॉली पिनने अडकवायची. जोराच्या ब्रेकला वजनाच्या ऐंशी टक्क्यांएवढा जोर पुढे जातो, म्हणून ५० किलोंच्या मोकळ्या ट्रॉलीलाही पिन लागते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली वाहनातल्या बदलाला आरटीओची मंजुरी लागते. चौकटीचे नकाशे आणि आसांवरील वजनांचा तक्ता आधीच तयार असलेला बरा. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायदा, १९४८ च्या कलम २९ नुसार उचलण्याच्या यंत्रांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी होत असे. गाडी कारखान्याबाहेर फिरत असली, तरी हाच नियम पाळावा. गाडी ताब्यात देण्यापूर्वी जॅक लावून २५ टक्के जादा भाराची चाचणी घ्यावी, दाराबाहेरच्या टोकालाही. आणि बीमवर रंगवायचा आकडा होइस्टच्या पट्टीवरचा नसावा. टोकाला चौकट ३०० किलोंचीच असेल, तर होइस्ट ५०० चा असूनही तिथे ३०० च लिहावे.