प्रतिजैविके आणि भस्मे : काळाचे अंतर हवे

मूत्रकृच्छ्राची तक्रार घेऊन येणारा रुग्ण पुष्कळदा आधीच एखादे प्रतिजैविक घेत असतो. तो ते आपणहून सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही. आपण चंद्रप्रभा वटी लिहितो, जोडीला श्वेत पर्पटी देतो. अशक्तपणासाठी तो स्वतःच कॅल्शियमची वा लोहाची गोळी आणतो. न्याहारीनंतर हे सारे एकाच घोटाबरोबर पोटात जाते. घोटाळा नेमका येथेच होतो.

सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही औषधे कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, लोह व जस्त यांच्याशी आतड्यात बांधली जातात आणि मग नीट शोषली जात नाहीत. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त आम्लपित्तशामक सोबत घेतल्यास सिप्रोफ्लॉक्सासिनचे शोषण निम्म्याहूनही कमी होते. गोळ्या पूर्ण घेतल्या जातात, परंतु मूत्रात औषध अपुरे उतरते. मग संसर्ग वृक्कापर्यंत चढू शकतो आणि तगलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो.

आपल्या भस्मांना हा नियम लागू नाही, असे काही वैद्य म्हणतात. ते मला मान्य नाही. शंख, प्रवाळ व मुक्ताशुक्ती यांची भस्मे कॅल्शियमचीच असून जठराम्लात विरघळतात. चंद्रप्रभेत लोहभस्म आहे. श्वेत पर्पटीतील स्फटिकेत ॲल्युमिनियम आहे. अनुपान म्हणून सांगितलेले दूधदेखील सिप्रोफ्लॉक्सासिनचे शोषण घटविते.

म्हणून यांपैकी एक औषध टाकून द्यावे असे नव्हे. सिप्रोफ्लॉक्सासिन हे खनिजयुक्त औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावयाचे असते. प्रतिजैविक सकाळी ८ व रात्री ८ वाजता असेल, तर भस्मकल्प दुपारी १२ ते २ या वेळेत निर्वेधपणे देता येतो. अमॉक्सिसिलिनच्या बाबतीत ही अडचण नाही. नायट्रोफ्युरँटॉइनबरोबर मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट टाळावे लागते. त्यामुळे प्रतिजैविकाचे नाव विचारल्यावाचून गत्यंतर नाही. वेळा जुळविणे रुग्णाला जमणार नसेल, तर लोहकल्प त्या थोड्या दिवसांपुरता थांबविल्यास सहसा काही बिघडत नाही. अर्धवट बरा झालेला संसर्ग मात्र महाग पडतो.

शार्ङ्गधराने औषधसेवनाचे ५ काळ सांगितले आहेत. औषध कोणते, याइतकेच ते केव्हा द्यावे याला आपल्या शास्त्रात महत्त्व आहे. तोच विवेक येथे लावावयाचा आहे. वैद्यांनी रुग्णपत्रिकेत चालू औषधांची नोंद करावी व प्रत्येक कल्पापुढे वेळ लिहावी. औषधविक्रेत्यांनी प्रतिजैविक देताना, ‘भस्म, कॅल्शियम किंवा लोह चालू आहे काय?’ एवढे अवश्य विचारावे आणि पाकिटावर वेळ स्पष्ट मराठीत लिहून द्यावी. याला खर्च नाही. विचारण्याची सवय तेवढी हवी.